नामरूप : स्वतःच्या नावातून आत्मचित्र

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. ‘बन’ म्हणजे झाडांनी भरलेली जागा. हा शब्द कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत रुळलेला आहे. बनात वसणारी शंकरी ती बनशंकरी. बदामीजवळील बनशंकरी शाकंभरी या नावानेही ओळखली जाते, आणि कर्नाटकाप्रमाणेच महाराष्ट्रातीलही अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके वाटत नाही.

मात्र कानाला ओळखीचे असलेले हे नाव डोळ्याला दर वेळी सारखे दिसत नाही. मराठी कुटुंबाच्या घरातील देवीच्या तसबिरीखाली ते देवनागरीत असते, बसच्या पाटीवर कन्नडमध्ये असते आणि पोस्टाच्या पत्त्यावर बहुधा रोमन लिपीत असते. उच्चार जवळजवळ एकच, रूपे तीन. माणसांच्या नावांचेही तसेच आहे. बनशंकरीत वाढणाऱ्या मराठी मुलाचे नाव आजी देवनागरीत वाचते, शेजारचा मित्र कन्नडमध्ये लिहितो आणि शाळेच्या हजेरीपटात ते रोमन अक्षरांत नोंदलेले असते. अशा मुलाला “तुझ्या नावाच्या अक्षरांतून तुझे स्वतःचे चित्र काढ” असे सांगितले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न कुंचल्याचा किंवा रंगाचा नसतो. कोणती अक्षरे खरोखर आपली, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

प्रस्तुत पाठाचा विषय हेच आत्मचित्र आहे. त्यात चेहरा नसतो. नाक, डोळे, केस काहीही काढायचे नसते. नावाची अक्षरे, त्यांची जाडी, त्यांतील अंतर, त्यांचा कल आणि कागदावरील त्यांची जागा एवढ्याच साधनांनी माणसाचा स्वभाव दाखवायचा असतो. हे काम दिसते तितके सोपे नाही. परंतु चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीलाही ते करता येते, कारण आपले नाव हा प्रत्येकाने सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द असतो.

नावाच्या जागी चिन्ह

नावाला आकृतीचे रूप देण्याची प्रथा जुनी आहे. मराठेकालीन महजरांवर, म्हणजे पंचांसमक्ष झालेल्या निवाड्यांच्या कागदांवर, साक्षीदारांच्या नावांपुढे निशाण्या काढलेल्या आढळतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, व्यापारी शेट्यापुढे तराजू, न्हाव्यापुढे आरसा. यांतील अनेकांना लिहिता येत नसे. नाव कारकून लिहीत असे आणि त्यापुढची निशाणी त्या माणसाची संमती ठरत असे. ही निशाणी एका अर्थाने त्याचे चित्रच होते. परंतु ते त्या माणसाचे नव्हते, त्याच्या व्यवसायाचे होते. गावातील दुसरा पाटील आला तरी नांगर तोच राहत असे.

राजांच्या नावांना मुद्रा होत्या. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी असून तीवरील मजकूर संस्कृतात आहे, आणि त्यात त्यांचे नाव शहाजीपुत्र या नात्यासह येते. पत्राच्या अखेरीस मर्यादेची छोटी मुद्रा उमटवीत, म्हणजे तिच्यापुढे कोणाला काही वाढवता येत नसे. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांचे ‘तुघरा’ हे नामचिन्ह याहून अधिक चित्रमय होते. सुलतानाचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि ‘सदाविजयी’ हे विशेषण एकमेकांत गुंफून त्यातून तीन उभे दांडे आणि डावीकडे फुगलेली वळणे अशी आकृती सिद्ध होई. दर सुलतानाचा तुघरा वेगळा असला तरी त्या सर्वांचा साचा एकच होता. त्यातून सत्ता दिसे. व्यक्ती दिसणे अपेक्षितही नव्हते.

युरोपात जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने आपल्या नावाच्या दोन आद्याक्षरांची खूण सिद्ध केली. रुंद पायांच्या ‘ए’ या अक्षराखाली छोटा ‘डी’ उभा आहे, जणू कमानीखाली उभा असलेला माणूस. ही खूण त्याच्या चित्रांवर व मुद्राचित्रांवर सर्वत्र आढळते. निशाणी, मुद्रा आणि तुघरा यांत जे नव्हते ते येथे प्रथम स्पष्ट दिसते: जात, धंदा किंवा सिंहासन यांच्या आधाराशिवाय एका माणसाने स्वतःच्या अक्षरांना दिलेले रूप.

बंगळूरच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे नगर जिंकल्यानंतर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात अनेक भाषांतील रचना एकत्र आहेत. म्हणजे एका नगरात अनेक भाषा आणि अनेक लिप्या शेजारीशेजारी नांदणे ही बंगळूरला नवी गोष्ट नाही. लिप्यांविषयीच्या भावना तीव्र असणे हेही स्वाभाविकच आहे. मेट्रोच्या हरित मार्गाचा बनशंकरीवरून जाणारा टप्पा २०१७ साली सुरू झाला. त्याच वर्षी शहरातील स्थानकांवर हिंदी पाट्या असाव्यात की नाही, यावर वाद झाला आणि काही स्थानकांवरील हिंदी नावे झाकण्यात आली. पाटीवरील नाव वाचता येणे हा सोयीचा भाग झाला. ते कोणत्या लिपीत आहे यातून ‘हे स्थान कोणाचे’ हेही लोक वाचत असतात. माणसाच्या नावाला हा नियम अधिकच लागू पडतो.

सजावट, अर्थचित्र आणि आत्मचित्र

नावाची चित्रे सामान्यतः तीन प्रकारची असतात. त्यांतील भेद ध्यानात आला की निम्मे काम झाले असे समजावे.

पहिला प्रकार सजावटीचा. अक्षरांना पाने, फुले, छाया, दुहेरी कडा जोडल्या जातात. पाने काढून टाकली तर खाली राहणारे अक्षर कोणाचेही असू शकते. अशा चित्रात कौशल्य असते, व्यक्ती नसते.

दुसरा प्रकार अर्थचित्राचा. यात शब्दाचा अर्थ अक्षरांतून दाखवला जातो. न्यू यॉर्कचा अक्षररचनाकार हर्ब लुबालिन (१९१८–१९८१) याने ‘मदर अँड चाइल्ड’ ही अक्षरे रचताना ‘मदर’ या शब्दातील वाटोळ्या ‘ओ’च्या पोकळीत उरलेले दोन शब्द बसवले, आईच्या पोटातील मूल एकही चित्र न काढता दिसू लागले. मराठीत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांची अक्षरे अशी घडवली की वर्तमानपत्रातील जाहिरात पाहताच नाटकाची जात प्रेक्षकाला कळावी. ऐतिहासिक नाटकाचे अक्षर आणि विनोदी नाटकाचे अक्षर यांत पोशाखाइतका फरक असे. हे श्रेष्ठ प्रतीचे काम होय. परंतु ते शब्दाचे चित्र आहे. एखाद्या ‘वर्षा’ नावाच्या मुलीने अक्षरांवरून पावसाच्या धारा ओघळताना दाखवल्या, तर ते चित्र पावसाचे झाले. महाराष्ट्रातील प्रत्येक वर्षाला ते सारखेच लागू पडेल. नाव आईवडिलांनी दिलेले असते. त्याच्या अर्थाशी त्या मुलीचा स्वभाव जुळेलच असे नाही.

महाराष्ट्रात लोकप्रिय झालेला ‘अक्षरगणेश’ हा प्रकार येथे तुलनेसाठी घेता येईल. त्यात व्यक्तीच्या नावाची अक्षरे अशा कौशल्याने वळवतात की त्यांतून गणपतीची मूर्ती साकार व्हावी. ही भक्तीची कला आहे, आणि तिचा हेतूच सर्व नावांना एका रूपाकडे नेण्याचा आहे. आत्मचित्राचा प्रवास उलट दिशेने होतो. एकच नाव असलेल्या दोन माणसांची रूपे त्याला वेगळी करावयाची असतात.

तिसरा प्रकार हाच. आत्मचित्रात शब्दाचा अर्थ बाजूला ठेवावा लागतो आणि अक्षराच्या घडणीतच आपल्याशी जुळणारे काही सापडते का, हे पाहावे लागते. जे अक्षरात मुळातच आहे ते ओळखून वाढवणे आणि बाहेरून काही न चिकटवणे, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे.

अक्षरांचा देह

अक्षरात मुळातच काय आहे, हे समजण्यासाठी ‘बनशंकरी’ हेच नाव पाहावे. देवनागरीत पाच अक्षरे एका शिरोरेषेखाली उभी असतात, एका छपराखालच्या कुटुंबासारखी. ‘ब’च्या पोटात तिरपी रेघ आहे, ‘न’ला डावीकडे लहानशी गाठ आहे, ‘क’चा दांडा मध्यभागी असून त्याच्या दोन्ही बाजूंना वळणे आहेत, ‘री’ची वेलांटी शिरोरेषेवरून येऊन उजवीकडे खाली उतरते. ‘शं’वरील अनुस्वार हा केवळ एक ठिपका आहे.

कन्नडमध्ये तेच नाव पाहिले की देह बदलतो. तेथे सर्वांना जोडणारी सलग शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर ‘तलेकट्टू’ नावाची स्वतंत्र खूण असते. प्रत्येकाचे छप्पर वेगळे. अक्षरे वाटोळी आहेत. ताडपत्रावर लोखंडी टोकाने लिहिताना सरळ आडव्या रेघेने पान फाटत असे, म्हणून दक्षिणेकडील लिप्या गोल झाल्या, असे सामान्यतः मानले जाते. देवनागरीचे जाडबारीक वळण मात्र तिरप्या कापलेल्या बोरूने घडवले आहे. इकारान्त अक्षरात कन्नड तलेकट्टू सरळ राहत नाही; त्याचे वेटोळे होते. ‘बनशंकरी’ची अखेरची री कन्नडमध्ये ऱ्हस्व लिहितात. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे अनुस्वार: देवनागरीत डोक्यावरचा ठिपका असलेला हा स्वरादी कन्नडमध्ये पूर्ण वर्तुळ होऊन ओळीत अक्षरांच्या बरोबरीने उभा राहतो. ज्यांच्या नावात अनुस्वार आहे अशा मंगला, अनंत, वसंत या मंडळींनी या फरकाचा विचार अवश्य करावा. एका लिपीत जे टिंब आहे, ते दुसरीत जवळजवळ स्वतंत्र अक्षर आहे.

‘र’ची कथाही अशीच आहे. ‘वर्षा’ या नावात र आधी उच्चारला जातो, परंतु त्याचा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, अगदी शेवटी काढला जातो. कन्नडमध्ये हाच र ‘अर्कावत्तु’ या खुणेने पुढील अक्षराच्या उजवीकडे, ओळीत येऊन उभा राहतो. मराठीत आणखी एक र आहे: ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांसारख्या आडनावांत दिसणारा, चंद्रकोरीसारखा. हिंदी लेखनात तो आढळत नाही. ज्याच्या नावात तो आहे त्याच्या हाती मराठीची एक खास रेषा आहे.

‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांबाबतही असेच म्हणता येते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली, तेव्हा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे स्वीकारली. संगणकावर अनेकदा याच अक्षरांची हिंदी वळणे उमटतात. शीला किंवा शैला या नावाच्या व्यक्तीने आपला श आणि ल कोणत्या वळणाचा आहे, हे हाताने लिहून पाहावे. तो निर्णय यंत्रावर सोपवू नये.

आता ‘ळ’ पाहू. काळे हे आडनाव रोमन लिपीत लिहिले की काळे आणि काले यांतला भेद नाहीसा होतो. टिळकांचे आडनाव रोमन लिपीत गेले की ‘टि’ आणि ‘ति’ यांतला फरकही हरवतो. कन्नड लिपीत मात्र ‘ळ’ आहे आणि ‘ट’ही आहे, टिळक किंवा काळे हे नाव कन्नडमध्ये बिनचूक लिहिता येते. मराठी मुलाला शाळेच्या हजेरीपटात हरवलेला आपला उच्चार बनशंकरीतील दुकानाच्या पाटीच्या लिपीत जसाच्या तसा सापडतो. शेजाऱ्याच्या लिपीत आपले नाव अधिक सुरक्षित असावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या दोन लिप्यांचा आधुनिक काळातील एक दुवा रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांच्या कामात सापडतो. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ सांगणारी कविता त्यांनी मराठीत लिहिली आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आणि ‘तुंगा’ हा कन्नड फाँट, दोन्ही त्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. बंगळूरमधील कित्येक कार्यालयांत कन्नड नावे ज्या अक्षरांत उमटली, ती एका मराठी अक्षरकाराच्या देखरेखीखाली घडली होती. लिपी जन्माने मिळते हे खरे. परंतु अभ्यासाने आणि आदराने दुसरी लिपीही आपली होऊ शकते, हे यावरून दिसून येते.

कृती

या कामासाठी फार साहित्य लागत नाही. पांढरा कागद, काळी शाई, बोरू किंवा चपट्या टोकाचे लेखणीपेन, एक जाड कुंचला, कात्री आणि खळ एवढे पुरते. रंग वापरू नयेत. रंगाने चूक झाकली जाते आणि अक्षराकडे दुर्लक्ष होते.

प्रथम आपले नाव नेहमीच्या गतीने दहा वेळा लिहावे. नंतर अतिशय सावकाश दहा वेळा, आणि मग डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या हाताने) दहा वेळा लिहावे. तीस नावे समोर ठेवून पाहिली म्हणजे हाताच्या सवयी दिसू लागतात. कोणी शिरोरेषा अर्ध्यावर सोडतो, कोणी काना फार लांब ओढतो, कोणाची अखेरची अक्षरे लहान होत जातात. या सवयी दोष मानून पुसू नयेत. त्या आत्मचित्राचे पहिले साहित्य आहेत.

दुसऱ्या पायरीवर येत असतील त्या सर्व लिप्यांत नाव लिहावे. लिपी नीट येत नसेल तर जाणकाराकडून कित्ता घ्यावा. अंदाजाने परक्या लिपीची नक्कल करू नये. नंतर प्रत्येक लिपीतील नावाखाली उत्तरे लिहावीत: सर्वांत मोठे अक्षर कोणते? सर्वांत लहान खूण कोणती? कोणते अक्षर एकटे आहे? रिकामी जागा कोठे आहे? उच्चारात आधी येणारे आणि लेखनात नंतर येणारे काही आहे काय?

तिसऱ्या पायरीवर स्वतःविषयी तीनच वाक्ये लिहावीत. ‘मी हुशार आहे’, ‘मी प्रेमळ आहे’ यांसारखी वाक्ये निरुपयोगी होत, कारण त्यांना आकार नाही. ‘मी सर्वांचे बोलून झाल्यावर बोलते’, ‘मला गर्दीत कडेला उभे राहायला आवडते’, ‘मी एक काम संपण्यापूर्वी दुसरे सुरू करतो’ यांसारखी वाक्ये चालतील. त्यांत जागा, क्रम आणि गती आहेत. आणि अक्षरालाही नेमक्या याच गोष्टी असतात.

चौथ्या पायरीवर ही वाक्ये आणि मघाची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवावीत. समजा, वर्षा नावाच्या विद्यार्थिनीने पहिले वाक्य लिहिले आहे: सर्वांचे बोलून झाल्यावर ती बोलते. तिच्या नावातला रफार शेवटी लिहिला जातो. तिने ‘व’ आणि ‘षा’ जाड, एकमेकांना चिकटलेले काढावेत. वर बरीच मोकळी जागा सोडावी आणि त्या जागेत रफार बारीक, पण अतिशय रेखीव काढावा. पाहणाऱ्याची नजर जाड अक्षरांवरून फिरून अखेर त्या एका वळणावर थांबेल. वर्षा नावाची दुसरी मुलगी घरातील थोरली असून सर्व भावंडांना सांभाळते असे समजू. तिचा रफार दोन्ही अक्षरांवर छत्रीसारखा पसरेल. कन्नडमध्ये लिहिणारी तिसरी वर्षा सर्वांच्या शेजारी उभे राहणे पसंत करणारी असेल, तर अर्कावत्तुची ओळीतील जागाच तिला उपयोगी पडेल. नाव एक, माणसे तीन, आणि कोठेही पावसाचा थेंब नाही.

पाचवी पायरी कात्रीची. अक्षरे काळ्या कागदातून कापून मोकळ्या कागदावर सरकवून पाहावीत. हाताने लिहिलेले पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो. कापलेले अक्षर सहज हलवता येते. शिरोरेषा निराळी कापावी आणि ती काढल्यावर काय होते ते पाहावे. काही नावे शिरोरेषेविना विस्कटतात, काही मोकळा श्वास घेतात. नाव कागदाच्या मध्यभागी असलेच पाहिजे असे नाही. कोपऱ्यातील लहान नाव आणि कडेबाहेर जाणारे मोठे नाव या दोन वेगळ्या माणसांच्या खुणा आहेत. मांडणी ठरल्यावरच खळ लावावी.

दोन कसोट्या

पूर्ण झालेले चित्र दोन व्यक्तींना दाखवावे. पहिली व्यक्ती ओळखीची नसावी. तिला नाव वाचता आले पाहिजे. दुसरी व्यक्ती निकटची असावी. नाव झाकून केवळ आकारांची ठेवण दाखवली तरी तिला चित्रकर्त्याची आठवण झाली पाहिजे. पहिल्या कसोटीत अपयश आले तर चित्र खाजगी कोडे झाले असे समजावे. दुसरीत आले तर ते केवळ सुंदर अक्षर झाले.

पहिल्या कसोटीकडे नवशिके सहसा दुर्लक्ष करतात. स्वतःचे चित्र आहे, तर ते दुसऱ्याला वाचता आलेच पाहिजे असे कोठे आहे, असा प्रश्न ते विचारतात. त्याचे उत्तर नावाच्या स्वरूपातच आहे. नाव आपले असते, पण ते वापरतात इतर लोक. न वाचता येणाऱ्या नावाने कोणी हाक मारू शकत नाही.

येथेच लिपीच्या निवडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. बनशंकरीतील मराठी मुलाने आपले चित्र देवनागरीत काढले तर ते आजीला वाचता येईल. कन्नडमध्ये काढले तर शेजाऱ्यांना. रोमनमध्ये काढले तर कदाचित सर्वांनाच, परंतु त्यात त्याचा ‘ळ’ नसेल. घरात मराठी बोलणारी पण देवनागरी वाचू न शकणारी मुलेही परप्रांतात वाढतात, आणि त्यांच्यापैकी काहींना स्वतःचे नाव एवढा एकच शब्द त्या लिपीत लिहिता येतो. अशा मुलासाठी देवनागरीतील आत्मचित्र हे वारशाचे अखेरचे टोक ठरू शकते किंवा शिकण्याचा पहिला धागाही ठरू शकतो. शिक्षकाने त्याच्यावर कोणतीही लिपी लादू नये. ‘हे चित्र कोणाला वाचता यावे असे तुला वाटते?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की लिपी आपोआप ठरते. दोन लिप्यांची सरमिसळ करणेही शक्य आहे. मात्र एका लिपीचे अक्षर दुसरीच्या वेषात घालून थट्टा होईल असे करू नये. सरमिसळीतही प्रत्येक अक्षर आपल्या लिपीत शुद्ध असले पाहिजे.

चित्राच्या मागे तारीख लिहून ते जपून ठेवावे. ड्यूररने वयाच्या तेराव्या वर्षी, १४८४ साली, आरशात पाहून आपले रेखाचित्र काढले, आणि १५०० साली अठ्ठावीस वर्षांचा असताना पुन्हा स्वतःला रंगवून त्यावर साल व आपली अक्षरखूण घातली. दोन चित्रांतला चेहरा पुष्कळ बदललेला आहे. नावाचे आत्मचित्रही असेच दर काही वर्षांनी नव्याने काढावे. अक्षरे तीच राहतील; त्यांच्यातील अंतर बदलेल, भार बदलेल, कदाचित लिपीही बदलेल. जुने चित्र चुकीचे ठरत नाही. त्या तारखेला ते नाव धारण करणारा माणूस कसा होता, याची ती नोंद असते.